मोठी कंपनी सोडून कोकणातल्या चांगल्या कामावर जाताना

लोटे, महाड, रोहा किंवा मुंबई-पुण्यातली मोठी कंपनी सोडून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या लहान पण चांगल्या जागी कामाला जायचा विचार जे करत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पंधरा ते साठ माणसांचा काजू कारखाना, इंजिनिअरिंग वर्कशॉप, आंब्याचं कॅनिंग, एखादी प्रयोगशाळा, हॉटेल, हॉस्पिटल अशा जागा डोळ्यांसमोर आहेत. माझं म्हणणं एवढंच की लहान जागा आपोआप चांगली होत नाही. मोठ्या कंपनीत पीएफ, विमा, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम), रजा या गोष्टी न मागता मिळतात, त्यामुळे त्यांची किंमत कळत नाही. लहान जागी मालक मायेने वागतो, अडीअडचणीला धावून येतो, पण यातलं काहीच लिहिलेलं नसतं. ते लिहून घ्यावं, आणि मगच राजीनामा द्यावा.

पगाराचा हिशेब

बहुतेकजण चुकतात ते इथेच. जुन्या कंपनीची सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) आणि नव्या मालकाने तोंडी सांगितलेला पगार हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

समजा सीटीसी वर्षाला ९,६०,००० आहे, म्हणजे महिना ८०,०००, आणि मूळ पगार ४०,०००. यातले महिन्याला ८,००० हे 'व्हेरिएबल', म्हणजे मिळाले तर वर्षाच्या शेवटी. कंपनीचा पीएफचा हिस्सा १२ टक्क्यांनी ४,८००. ग्रॅच्युइटीच्या नावाने मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे १,९२४. ग्रुप विम्याचा हप्ता १,००० धरू. हे सगळं वजा जाता ६४,२७६ उरतात. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ४,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ५९,२७६. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, म्हणून आयकर धरलेला नाही. आता पनवेल-डोंबिवलीकडचं भाडं १८,०००, प्रवास २,५०० आणि बाहेरचं खाणं ५,००० वजा करा. उरले ३३,७७६.

नव्या जागी महिना ४५,००० ठरले आणि मालक पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच भरतो असं धरू. तुमचे १,८०० आणि व्यवसाय कर २०० जाऊन ४३,००० हातात. घर गावातलं, भाडं नाही. पण पेट्रोलला २,५०० आणि घराच्या डागडुजीला सरासरी २,००० धराच. पावसाआधी कौलं चाळायची, गळती काढायची, तर हा खर्च चुकत नाही. उरले ३८,५००.

हातात ४,७२४ जास्त दिसतात आणि माणूस खूश होतो. पण जुन्या जागी दोन्ही हिस्से मिळून पीएफ-पेन्शनमध्ये महिन्याला ९,६०० जात होते, इथे ३,६०० जातात. म्हणजे म्हातारपणाच्या पैशातून दर महिन्याला ६,००० कमी. शिवाय आरोग्य विमा स्वतःचा घ्यावा लागणार, आणि व्हेरिएबल गेलं ते वेगळंच. एवढं कळल्यावरही जावंसं वाटणं अगदी योग्य असू शकतं. रोजचे तीन तास लोकलमध्ये न घालवणं, आईवडिलांजवळ राहणं, रात्री फोन बंद करता येणं यांना मोल आहे, आणि ते मोल द्यायला हरकत नाही. फक्त किती देतो आहोत ते माहीत असावं. कमी पडणारे ६,००० भरून काढायची सोय पहिल्याच महिन्यापासून करा. पीएफमध्ये स्वतःचा हिस्सा स्वेच्छेने वाढवून देता येतो. नव्या मालकाला त्यासाठी जादा पैसे घालावे लागत नाहीत, त्यामुळे तो सहसा अडवत नाही. ते जमत नसेल तर पीपीएफ आहे.

१० आणि २०

लहान जागी जाताना हे दोन आकडे पाठ असावेत. ज्या आस्थापनेत १० किंवा जास्त माणसं आहेत तिथे ग्रॅच्युइटी लागू होते. २० किंवा जास्त असतील तर पीएफ. म्हणून मुलाखतीत "किती माणसं आहेत?" हा प्रश्न गप्पांच्या ओघात विचारून सोडून देऊ नका. "पटावर किती आणि ठेकेदाराची किती?" असा नीट विचारा. अठरा पटावर आणि बारा रोजंदारीवर असं सांगणारा मालक पीएफ टाळतो आहे, एवढं त्यातून कळतं. वीसपेक्षा कमी माणसं असली तरी मालकाला स्वेच्छेने पीएफ लागू करून घेता येतो, आणि चांगले मालक तसं करतातही. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (सरकारी कामगार विमा) आहे का, आणि असेल तर त्याचा जवळचा दवाखाना नेमका कुठे, हेही विचारा. कार्ड आहे पण दवाखाना दोन तासांवर, अशा सोयीचा उपयोग नाही.

मालक काय सांगतो ते घरबसल्या पडताळता येतं. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकून शोधलं की कोणत्या महिन्याचे पैसे किती माणसांसाठी आणि कोणत्या तारखेला भरले ते दिसतं. मालकाने चाळीस माणसं सांगितली आणि तिथे नऊच दिसली, तर पुढे काही विचारायची गरज नाही. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हायला हवा. सलग चार-पाच महिने उशीर दिसला तर धंद्यात पैसा अडकलाय असं समजा, कारण तंगी आली की मालक आधी सरकारी भरणा थांबवतो आणि मग पगार. जीएसटीच्या संकेतस्थळावर जीएसटी क्रमांक टाकला की विवरणपत्रं वेळेवर भरली आहेत का ते कळतं. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिच्यावर कोणत्या बँकेचा बोजा आहे तेही दिसतं. सगळं मिळून अर्धा तास लागतो.

जागा बघायला कधी जायचं

एकदा नाही, दोनदा जा. पहिल्यांदा मालकाने बोलावलेल्या वेळी, दुसऱ्यांदा पाळी बदलायच्या वेळी. सुटणारी माणसं फाटकावर दोन मिनिटं थांबून बोलतात की मान खाली घालून निघून जातात, हे बघा. चहाच्या टपरीवर बसून "पगार किती तारखेला होतो?" एवढंच विचारा. "किती होतो?" विचारलं की माणूस सावध होतो, तारीख मात्र सगळे सांगतात. पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत पगार व्हायला हवा. "सातला होतो, कधी आठ" असं उत्तर आलं तर ठीक. "शेठकडे पैसे आले की होतो" असं आलं तर परत फिरा.

आतमध्ये पिण्याच्या पाण्याची टाकी, बायकांचं स्वच्छतागृह आणि जेवायची जागा या तीन गोष्टी बघा. ऑफिसातला एसी आणि काचेचं दार यांवरून काहीही कळत नाही. पाच वर्षांहून जुनी माणसं किती, ते विचारा. मशीन बंद पडलं तर पहिला फोन कोणाला जातो आणि फोनवर काय बोललं जातं, हेही विचारा. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो की "सांभाळून घेऊ" म्हणतात? कायद्याने तो दुप्पट आहे.

रासायनिक कारखान्यातून दुसऱ्या रासायनिक कारखान्यात जात असाल तर बघण्याची यादी वेगळी. डोळे धुण्याचा फवारा आणि सेफ्टी शॉवर स्वतः चालवून बघा. गंजलेलं पाणी आलं तर तो महिनोन् महिने चालवलेला नाही. टाकीत उतरण्याचं परमिट-बुक मागा आणि त्यात प्राणवायूचं प्रमाण मोजल्याचे आकडे आहेत का ते पाहा. सगळ्या पानांवर एकच आकडा, एकाच शाईत दिसला तर मीटर कपाटात आहे असं समजा. श्वसनयंत्राच्या सिलिंडरवरची चाचणीची तारीख वाचा. मोठी कंपनी कितीही नकोशी झाली असली तरी तिथे ही शिस्त बहुधा असते, आणि ती सोडून जिथे ती नाही अशा ठिकाणी जास्त पगारावर जाणं मला चुकीचं वाटतं. तिथे पैसे मिळतात ते जिवाच्या जोखमीचे.

जमलं तर पावसाळ्यात जा. कोकणातल्या कामाच्या जागेची परीक्षा जुलैमध्ये होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात आणि सावित्रीचं महाडमध्ये शिरलं, तेव्हा कोणाची यंत्रं किती उंच चौथऱ्यावर होती यावर कोण पुन्हा उभा राहिला ते ठरलं. जागा नदीकाठची असेल तर पाणी कुठवर आलं होतं, भिंतीवर खूण आहे का, विमा होता का, आणि त्या महिन्यांचा पगार दिला का, हे चार प्रश्न विचारा. त्यातला चौथा सगळ्यांत महत्त्वाचा.

कंपनी लांबची आणि तुम्ही घरून काम करणार असाल, तर विजेची आणि नेटची सोय हीच तुमची कामाची जागा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती. खांबावरून आलेली फायबर झाडाची फांदी पडली की तुटते, म्हणून दुसरं कनेक्शन वेगळ्या कंपनीचं आणि मोबाइल सिमवर चालणारं घ्या. दोन्ही फायबर एकाच खांबावरून आल्या तर दोन्ही एकत्रच तुटतात. राउटरला छोटा डीसी यूपीएस, लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर, आणि मालकाकडून लेखी की वादळात दोन दिवस संपर्क तुटला तर ती बिनपगारी रजा धरणार नाहीत.

"आपल्यातलाच आहेस, कागद कशाला?"

गावाकडची सगळ्यांत अवघड गोष्ट ही. मालक ओळखीचा असतो, पाहुण्यातला असतो, कधी वाडीतलाच. नेमणूकपत्र मागितलं तर त्याला अविश्वास वाटतो, आणि न मागितलं तर वर्षभराने दोघांना वेगवेगळं आठवतं. भांडण पगारावरून सुरू होतं आणि भावकीपर्यंत पोचतं. म्हणून मागायचंच, पण निमित्त बाहेरचं ठेवून: "काका, जुनी कंपनी सोडताना दाखवायला आणि पुढे बँकेत कर्जाला लागेल, एका पानावर लिहून द्या." यात खोटं काही नाही, दोन्हीकडे ते खरोखरच लागतं. मसुदा स्वतः टाइप करून न्या म्हणजे त्यांनाही सोपं पडतं.

त्या पानावर हुद्दा, रुजू होण्याची तारीख, महिन्याचा एकूण पगार आणि त्यातला मूळ पगार, पगाराची तारीख आणि तो बँकेत जमा होणार हे असावं. पीएफ किती रकमेवर भरणार, साप्ताहिक सुट्टी कोणती, वर्षाच्या रजा किती, दोन्ही बाजूंनी नोटीस किती दिवसांची, हेही त्यावर यावं. आणि दोन गोष्टी खास कोकणातल्या.

पहिली, पावसाळ्याचा पगार. कॅनिंग एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत जोरात चालतं. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्यामुळे मासळीवर चालणारे बर्फ कारखाने आणि प्रक्रिया उद्योग थंडावतात. पर्यटनाची हॉटेलं पावसात अर्धी रिकामी असतात. अशा ठिकाणी "काम नसेल तेव्हा अर्धा पगार" ही प्रथा असते आणि ती रुजू झाल्यावर पहिल्या जूनमध्ये कळते. नेमणूक बारमाही आहे आणि पगार बाराही महिने पूर्ण आहे, हे वाक्य त्या पानावर हवंच. अर्धा पगार तुम्हाला मान्य असेल तरी तो कोणत्या महिन्यांत आणि किती, ते लिहा.

दुसरी, गणपती. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याला साठ दिवस आधी, आरक्षण उघडायच्या मिनिटाला तिकिटासाठी बसावं लागतं, रजेसाठी साहेबाला विनवावं लागतं. गावातच काम मिळालं की हा त्रास संपला असं वाटतं. पण हॉटेलात, हॉस्पिटलात, वीज-पाण्याच्या कामावर गणपतीतच जास्त गर्दी असते, आणि तिथे सगळ्यांनाच एकाच वेळी सुट्टी हवी असते. "गेल्या वर्षी गणपतीच्या आठवड्यात कोण कामावर होतं?" असा प्रश्न विचारा. चांगल्या ठिकाणी उत्तर तयार असतं: ज्याच्याकडे दीड दिवसाचा तो नंतर येतो, ज्याच्याकडे गौरी आहेत त्याला ते तीन दिवस, यंदा ज्याने ड्युटी केली त्याला शिमग्याला आधी सुट्टी. जिथे हे वाटप श्रावणातच फळ्यावर लागतं ती जागा माझ्या मते चालवणाऱ्याला माणसं कळतात अशी जागा आहे. "बघू तेव्हा" असं उत्तर मिळालं, तर ऐन वेळी आरती सोडून कामावर धावणारा माणूस तुम्हीच असाल.

राजीनामा कोणत्या तारखेला

नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नये, हे सगळे सांगतात. तारखेचं कोणी सांगत नाही.

ग्रॅच्युइटीचं सूत्र असं: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. सहा महिन्यांहून जास्त झालेलं वर्ष पूर्ण धरतात. मूळ पगार ४०,००० असेल आणि ५ वर्षं ५ महिन्यांनी सोडलं तर १,१५,३८५ मिळतात. ५ वर्षं ७ महिन्यांनी सोडलं तर सहा वर्षं धरून १,३८,४६२. दोन महिन्यांत २३,०७७ चा फरक. नोटीसचा काळही नोकरीतच मोजतात, म्हणून मोजायचं ते शेवटच्या दिवसापर्यंत. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, म्हणून ती भरायला थोडेच महिने राहिले असतील तर थांबा. पाचव्या वर्षी २४० दिवस भरले तरी चालतं असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण सगळ्या कंपन्या तो मानत नाहीत, आणि चार महिन्यांसाठी खटला लढणं शहाणपणाचं नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या कामगार संहितांनुसार एका वर्षानंतरही प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. नेहमीच्या ग्रॅच्युइटीवरची कमाल मर्यादा २० लाख.

व्हेरिएबल पगाराचा नियम नेमणूकपत्रात किंवा धोरणात नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी पैसे वाटायच्या दिवशी पटावर असणं पुरत नाही, नोटीसवर नसणंही लागतं. मग पैसे खात्यात आल्याच्या दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यावा. यात अपराधी वाटून घेऊ नका, त्या वर्षाचं काम तुम्ही केलेलं आहे.

मोठ्या कंपनीची नोटीस ९० दिवसांची आणि लहान मालकाला माणूस महिन्यात हवा, ही अडचण हमखास येते. उरलेले ६० दिवस पैसे भरून सोडवायचे असतील तर हिशेब मूळ पगारावर की एकूण पगारावर, ते आधी पाहा. वरच्या उदाहरणात मूळ पगारावर ८०,००० होतात, एकूण पगारावर १,२८,५५२. या वसुलीवर जीएसटी लागत नाही असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. हिशेबात १८ टक्के लावलेले दिसले तर ते दाखवा. मात्र मला विचाराल तर नव्या मालकाला सरळ सांगा की मला तीन महिने लागतील. चांगल्या माणसासाठी तीन महिने न थांबणारा मालक पुढे कशासाठी थांबणार? जमलंच तर त्याच्या अडलेल्या कामाबद्दल शनिवार-रविवारी फोनवर बोला, पण जुन्या पटावर असताना नव्या ठिकाणी पगारी काम करू नका. ते दोन्ही ठिकाणी अंगाशी येतं.

"स्पर्धकाकडे दोन वर्षं जाणार नाही" अशी अट करारात असली तरी नोकरी संपल्यानंतर तिला फारसा अर्थ उरत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ नुसार धंदा-व्यवसायाला अटकाव करणारा करार रद्दबातल असतो. पण गुपितं न फोडण्याचं बंधन पूर्ण लागू राहतं. जुन्या कंपनीची प्रक्रिया, दर किंवा ग्राहकांची यादी पेनड्राइव्हवर घेऊन गेलात तर कलम २७ वाचवत नाही. प्रशिक्षणाच्या करारनाम्याचं वेगळं आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात मुदतीआधी सोडल्यास २ लाख भरण्याची अट वैध ठरवली. त्यामुळे असा कागद सही केलेला असेल तर ती रक्कम खर्चात धरूनच चला.

पीएफ आणि विमा

राजीनाम्याआधी यूएएनच्या (तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकाच्या) खात्यात जाऊन नाव, जन्मतारीख, आधार, वारस आणि आधीच्या प्रत्येक नोकरीची सोडल्याची तारीख तपासा. पीएफ वर्ग होताना अडकतो तो बहुधा दोन कारणांनी: आधारवरच्या आणि पीएफमधल्या नावात एका अक्षराचा फरक, किंवा जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख नव्या ठिकाणच्या रुजू तारखेनंतरची टाकलेली. दुसरी चूक सुधारायला जुन्या कंपनीच्या मागे लागायची वेळ येऊ शकते, म्हणून दोन नोकऱ्यांत किमान एक दिवसाचं अंतर ठेवा. कंपनीने तारीख टाकलीच नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः टाकता येते.

पैसे काढू नका, वर्ग करा. सलग पाच वर्षं होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागतो. वर्ग केलं तर जुनी वर्षं मोजली जातात. पेन्शनला दहा वर्षं लागतात, तीही अशीच जोडली जातात. नव्या जागी पीएफच नसेल तर जुनं खातं तसंच ठेवता येतं, व्याज चालू राहतं, पण नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर द्यावा लागतो. दहा वर्षं झालेली नसतील तर पेन्शनचे पैसे काढून घेण्याऐवजी फॉर्म १०-सी भरून योजना प्रमाणपत्र घ्या. पुढे कधी पीएफ असलेल्या ठिकाणी गेलात तर ती वर्षं धरली जातील.

विम्यात चूक झाली तर ती सगळ्यांत महाग पडते. ग्रुप विमा बहुधा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो, आणि त्यात आईवडील असतील तर त्यांचाही. नव्या वैयक्तिक पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघाताशिवाय काही मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का आणि आधीचा काळ धरला जाईल का, हे नोटीस चालू असतानाच लेखी विचारा. सुटल्यानंतर विचारलं तर उशीर झालेला असतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका झाला आहे. नेटवर्कमधली रुग्णालयं बघताना फक्त रत्नागिरी-कणकवलीची पाहू नका. मोठं दुखणं निघालं की रत्नागिरीकर आंबा घाटाने कोल्हापूर गाठतो आणि सावंतवाडीकर गोव्याकडे धावतो. पावसात दरड आली की घाट बंद, म्हणून दोन्ही दिशांची रुग्णालयं यादीत असलेली पॉलिसी घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ठरावीक आजारांसाठी आणि ठरावीक रुग्णालयांतच. तिला जोड म्हणून धरा, एकमेव आधार म्हणून नाही.

निघताना काय घेऊन निघायचं

कंपनीचा मेल बंद व्हायच्या आधी सगळ्या पगारपावत्या, फॉर्म १६, पगारवाढीची पत्रं आणि विम्याची कार्डं स्वतःच्या मेलवर घ्या. राजीनाम्याच्या मेलची आणि स्वीकारल्याच्या उत्तराची प्रत तर त्याच दिवशी. बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र, वायरमन किंवा सुपरवायझरचा परवाना यांच्या मूळ प्रती कंपनीच्या फायलीत राहिलेल्या असतात. त्या पोच देऊन परत घ्या. नंतर शोधत बसायला तिथे कोणी ओळखीचं उरत नाही.

रसायनांत काम केलेल्यांनी वैद्यकीय तपासणीची नोंद मागून घ्यावीच. फुप्फुसांची चाचणी, कानांची चाचणी, रक्ताचे अहवाल वर्षावर्षाचे असतात. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्याला स्वतःची आरोग्य-नोंद पाहण्याचा हक्क आहे. दहा वर्षांनी श्वासाचा त्रास सुरू झाला तर तो कुठे आणि कधी लागला हे सांगणारा कागद तेवढाच असतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत, राजीनामा दिलेल्या माणसाचा राहिलेला पगार दोन कामकाजी दिवसांत द्यावा असं आहे. प्रत्यक्षात महिना-दीड महिना लावणाऱ्या कंपन्या आहेत, म्हणून तेवढ्या काळाचा घरखर्च बाजूला ठेवा. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासकट. शिल्लक रजेच्या पैशावर २५ लाखांपर्यंत करसवलतीची तरतूद आहे. हिशेबाच्या कागदावर ती धरली आहे का ते पाहा.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर जुन्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील नव्या मालकाच्या हिशेबनिसाला द्या. नाहीतर दोघंही प्रमाणित वजावट आणि करमुक्त रक्कम वेगवेगळी धरतात, कर कमी कापला जातो आणि जुलैमध्ये विवरणपत्र भरताना व्याजासकट एकदम भरावा लागतो. लहान जागी हिशेबनीस आठवड्यातून एकदाच येत असेल, तर त्याच्या हातात कागद स्वतः द्या, टेबलावर ठेवून जाऊ नका.

रुजू झाल्यावर दुसऱ्या महिन्याच्या १५ तारखेनंतर पीएफचं पासबुक उघडून पहिल्या महिन्याचा भरणा दिसतो का ते बघा. भरण्याची नोंद दिसायला थोडे दिवस लागतात, पण महिना उलटूनही आला नाही तर लगेच विचारा. पहिल्या महिन्यात विचारलं तर ती चौकशी असते. सहा महिन्यांनी विचारलं तर ती तक्रार होते, आणि ती पुन्हा ओळखीच्या माणसाकडेच करावी लागते.